संगणकास ताप चढला तेव्हां

गेल्या अंकांत आम्हीं पितळी बंबाच्या जाळीविषयीं चार शब्द लिहिले. त्यावर एका वाचक भगिनींनीं पत्र पाठवून विचारलें आहे कीं, "बंब आतां कोणाच्या घरीं उरला आहे?" आमच्या घरीं उरला आहे, परंतु प्रश्न रास्त आहे हें कबूल केलें पाहिजे. म्हणून या खेपेस जें यंत्र पुष्कळ घरांत आहे, जें बंबासारखेंच तापतें, आणि ज्याचें तापणें मात्र कोणासच नको असतें, त्याविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. हकीकत आमच्या घरचीच आहे. तींत आमची शोभा फारशी नाहीं. तथापि आमच्या फजितीनें दुसरें एखादें घर सावध होणार असेल तर ती सांगून टाकावी, असें आमचें मत आहे.

मुलुंडास पूर्वेकडे, मिठागरांच्या बाजूस, एका जुन्या इमारतींतील शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांत मिळून आम्ही आठ माणसें राहतों. वडील बंधू, ज्यांस घरांत सारेच दादा म्हणतात, वहिनी, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, अकरावींत शिकणारी नात आणि तिचा धाकटा भाऊ. खिशांतले फोन प्रत्येकाचे निराळे असले तरी मेजावरचा संगणक एकच. सकाळीं त्यावर सूनबाई आपल्या कचेरीचे हिशेब पाहतात, रात्रीं नात बसते, आणि दुपार दादांची.

दादांचें काम काय तें सांगितलें पाहिजे. आमचे वडीलहि संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनीं जन्मभर जमविलेल्या सुभाषितांच्या अकरा वह्या घरांत आहेत. सुभाषितें छापील पुस्तकांतून मिळतील. परंतु प्रत्येकाखालीं वडिलांनीं पेन्सिलीनें लिहिलेल्या टिपा दुसरीकडे कोठेंहि मिळणार नाहींत. पेन्सिल पुसट होत चालली आहे, कागद तपकिरी होऊन कोपऱ्याशीं तुटूं लागला आहे. दादांचें वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचा मोतीबिंदु काढला आहे, दुसऱ्याचा काढावयाचा आहे. दोन बोटांनीं टंकलेखन करून दिवसास एक पान, या गतीनें त्यांनीं सहा वह्या संगणकांत उतरविल्या होत्या.

यंदाच्या मार्च महिन्यांत एके दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास संगणक अकस्मात् बंद पडला. घरांत वीज होती, डोक्यावरचा पंखा फिरत होता. हा मात्र दिवा मालवावा तसा मालवला. दादांनीं कळ दाबली, सुरू झाला. पांच मिनिटांनीं पुनः गेला. पुनः लावला, तों दोन मिनिटेंहि टिकला नाहीं. संध्याकाळीं मात्र कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत तो चालूं लागला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तोच प्रकार. त्याआधीं महिनाभर तो मंदावला होता, आणि त्याच्या पेटींतून पिठाच्या गिरणीसारखी घरघर येत असे; पण वय झालें कीं मंदपणा आणि घरघर यावयाचीच, असें समजून आम्हीं तिकडे लक्ष दिलें नव्हतें.

आतां मात्र लक्ष दिलें, आणि निकालहि दिला. रात्रीं नात त्यावर मोटारी पळविण्याचे खेळ खेळते. त्या धांगडधिंग्यानें यंत्र खिळखिळें झालें, हा आमचा निकाल. ती म्हणाली, "आजोबा, मी बसते रात्रीं आणि तो बंद पडतो दुपारीं. मग दोष माझा कसा?" आम्हांस तो उद्धटपणा वाटला. संगणकास हात लावावयाचा नाहीं, असें आम्हीं तिला बजावलें. ती पुढें एक अक्षर बोलली नाहीं. चिरंजीव व सूनबाईहि गप्प राहिल्या. वडील माणसानें बोललेला शब्द आमच्या घरीं सहसा कोणी मोडीत नाहीं, आणि ही चाल नेहमींच चांगली असते असें आतां आम्हांस वाटत नाहीं.

अकरा दिवस नात संगणकाकडे फिरकली नाहीं, आणि अकराहि दिवस दुपारीं तो नेमानें बंद पडत राहिला. अकराव्या दिवशीं दादा सातव्या वहीचें काम जतन करीत होते, त्याच क्षणीं तो विझला. पुनः लावल्यावर ती फाईल उघडेना. आठवड्याचें काम गेलें. दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वही मिटली, दहाहि वह्यांसह ती फडक्यांत बांधली आणि पेटींत ठेवली. रात्रीं जेवतांना एवढेंच म्हणाले, "राहूं दे आतां. बाबांचें लिहिणें कागदावरचें होतें, कागदावरच राहील." वहिनींनीं ताटावरून मान वर केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जवळच्या एका दुकानांतून दुरुस्तीवाल्यास बोलाविलें. त्यानें पेटी उघडली नाहीं, नुसती टिचकी मारून पाहिली आणि सांगितलें कीं, मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या. खर्चाचा आंकडा ऐकून आम्हीं त्यास चहा देऊन वाटेस लावलें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. चौतीस वर्षें आम्हीं मुलांस संस्कृत शिकविलें. वरच्या वर्गांतील चलाख मुलांस सवडीनें तर्कसंग्रहांतल्या दोन गोष्टीहि सांगत असूं. त्यांत अन्वय आणि व्यतिरेक येतात. कारण असेल तेथें कार्य असावें, हा अन्वय. कारण नसेल तेथें कार्यहि नसावें, हा व्यतिरेक. दोन्ही जुळलीं तरच तें खरें कारण. नात संगणकावर बसत नव्हती, तरी अकरा दिवस संगणक बंद पडतच होता. म्हणजे आमचें कारण पहिल्याच दिवशीं ढासळलें होतें. सोळा वर्षांच्या पोरीनें एका वाक्यांत व्यतिरेक दाखविला, आणि आम्हीं त्यास उद्धटपणा म्हटलें. चोर सोडून संन्याशाला फांशी, दुसरें काय!

सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांदेखत आम्हीं तिला म्हटलें, "दोष तुझा नव्हता. आमचें चुकलें." चिरंजीवांनीं पेला खालीं ठेवला. पोर क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आज उघडून पाहूं या?"

उघडण्यापूर्वीं, यंत्रास खरोखर ताप आहे कीं दुसराच कांहीं विकार आहे, हें ठरविणें अवश्य होतें. वीज कमीजास्त झाल्यानेंहि संगणक बंद पडतो. परंतु तें वेळीं-अवेळीं होतें. येथें मात्र एक नेम होता. दुपारीं पडतो, संध्याकाळीं चालतो. लगेच पुनः लावला तर आणखी लवकर पडतो, थोडा विसावा दिला तर जास्त वेळ टिकतो. ही तापाचीच लक्षणें. शिवाय संगणकाच्या पोटांत तापमापक असतोच, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. यंत्र सुरू होतांच नातीनें 'डिलीट' ही कळ वारंवार दाबली, तेव्हां बायोस नांवाचें पान पडद्यावर आलें. त्यावर प्रोसेसरचें तापमान आणि पंख्याचे मिनिटास होणारे फेरे, दोन्ही दिसतात. काही काम न करतां, सकाळच्या गारव्यांत तेथें ७१ अंश दिसत होते आणि आंकडा डोळ्यांदेखत चढत होता. सहा मिनिटांत तो ८८ वर गेला. वास्तविक अशा वेळीं तो चाळीस-पन्नासच्या आंतबाहेर असावयास हवा. पंख्याचे फेरे मात्र मिनिटास दोन हजारांवर. "पंखा फिरतो आहे, म्हणजे वारा लागतोच आहे," असें आम्हीं बोलून गेलों. हा आमचा दुसरा हेत्वाभास. त्याचें पितळ पुढें उघडें पडलें.

येथें वाचकांच्या मनांत येईल कीं, अक्षरें आणि आंकडे मांडणाऱ्या यंत्रानें एवढें तापावें कां? विजेवर चालणारा दिवा उजेड देतो, पंप पाणी गच्चीवर चढवितो. संगणक देतो तो हिशेब. आणि हिशेबास वजन नाहीं, उंची नाहीं, वेग नाहीं. त्यामुळें त्यानें घेतलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. इंटेल कंपनीचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ सालीं निघाला, त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज अंगठ्याच्या नखाएवढ्या चकतींत त्यांची संख्या शंभर कोटींच्या पुढें गेली आहे, आणि त्यांतला प्रत्येक जण सेकंदास अगणित वेळां उघडमीट करीत असतो. आमच्या संगणकाच्या चकतींत भरांत असतांना पन्नासएक वॉट वीज जिरते. पन्नास वॉट म्हणजे एका लहान दिव्याची वीज. पण जागा केवढी तें पहावें. कपड्यांच्या इस्तरीच्या तळास दर चौरस सेंटिमीटरमागें चार-पांच वॉट पडतात. येथें तीसच्या वर पडतात. उष्णता काढून नेणारें कोणी नसेल तर ती चकती काही क्षणांत निकामी होईल. म्हणून तिच्यावर अल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवितात, त्यास हीटसिंक म्हणतात. उष्णता त्या पात्यांत पसरते, आणि ठोकळ्यावरचा पंखा ती वाऱ्यावर उडवून देतो. १९९३ सालीं पेंटियम प्रोसेसर आले, तेव्हांपासून हा पंखा घरगुती संगणकांत सररास दिसूं लागला. पंखा अपुरा पडला तर हल्लींचे प्रोसेसर आधीं आपण होऊन गति कमी करतात, आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर शंभर अंशांच्या आसपास जीव वांचविण्यासाठीं सारें यंत्र बंद करतात. म्हणजे महिनाभराचा तो मंदपणा वार्धक्याचा नव्हता, ती आगाऊ सूचना होती.

हें दुखणें यंत्राच्या जन्मापासूनचें आहे. आपल्या मुंबईंतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं जो संगणक बांधला गेला आणि १९६० सालीं चालू झाला, त्यांत ट्रान्झिस्टरांचे ऐवजीं सुमारें २,७०० काचेच्या निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओंतील नळ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस आठवेल कीं, आंतली तार लालबुंद झाल्यावांचून रेडिओ बोलतच नसे. तशा २,७०० तारा एके ठिकाणीं तापावयाच्या! पंडित नेहरूंनीं १९६२ सालीं त्या यंत्राचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यांत तें बसविलें होतें, आणि आंतल्या जोडण्यांपर्यंत हात पोहोंचावा म्हणून त्यास दोन्ही अंगांस दारें होतीं. या दारांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहों.

कारण आमच्याहि संगणकास दार होतें. तीन वर्षांपूर्वीं धुळीपासून आणि मुलांच्या हातांपासून त्याचें रक्षण व्हावें म्हणून आम्हीं सुताराकडून एक सागवानी कपाट करून घेतलें. तिन्ही बाजू बंद, पुढें दार, दारास कुलूप, आणि तारांपुरतें मागें मुठीएवढें भोंक. पॉलिश असें कीं तोंड पहावें. त्या वेळीं वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, त्या पेटीनं श्वास कुठून घ्यायचा हो?" आम्ही हंसलों होतों.

नातीनें कपाटाचें दार उघडलें, पेटी बाहेर ओढली, तिची एक बाजू काढली आणि मेजावरचा पंखा तिच्यावर सोडला. यंत्र पुनः लावलें. आंकडा ६३ पर्यंत जाऊन तेथेंच ठरला. ही परीक्षा कोणासहि करतां येण्यासारखी आहे. बाहेरच्या वाऱ्यानें यंत्र तग धरतें, म्हणजे विकार तापाचाच. मदरबोर्ड गेला असता तर वाऱ्यानें परत आला नसता. मात्र ही परीक्षा आहे, उपाय नव्हे. उघडी पेटी पंख्यापुढें कायमची ठेविली तर मुलुंडासारख्या गांवीं महिन्याभरांत तींत धुळीचा थर बसेल.

दुपारचेंच दुखणें कां, याचाहि उलगडा झाला. पंखा थंडी निर्माण करीत नाहीं; तो फक्त आंतली उष्णता खोलींत टाकतो. खोलीहून थंड तो यंत्रास करूंच शकत नाहीं. सारखेंच काम असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षां ठराविक अंशांनींच वर राहतो. खोली बारा अंशांनीं तापली कीं तोहि बारा अंश चढतो. मार्च-एप्रिलांत समुद्रावरून येणारा वारा उशिरां वाहूं लागला कीं उपनगरें भाजून निघतात. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ रोजीं ४२.२ अंश उष्मा नोंदला गेला आहे. असल्या दुपारीं बंद कपाटांत कोंडलेल्या यंत्राची काय अवस्था होत असेल! आपण टाकलेली ऊन हवाच तें पुनः पुनः ओढीत होतें.

पण कपाट हें अर्धेंच कारण. उरलेलें अर्धें पेटीच्या आंत सांपडलें.

वीज बंद करून, भिंतींतली पिन उपटून, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याची कळ एकदां दाबून, आम्हीं पेटी गॅलरींत नेली. पेटीच्या लोखंडास आधीं हात लावावा. अंगावरच्या कोरड्या विजेनें नाजूक भाग बिघडतात. आणि वीज पुरविणारी जी आंतली बंद डबी, जिला एस.एम.पी.एस. म्हणतात, ती कदापि उघडूं नये. पिन काढल्यावरहि तींत धक्का देण्याजोगी वीज राहते. घरांत सारे जण त्या अख्ख्या पेटीसच सी.पी.यू. म्हणतात. खरा सी.पी.यू. म्हणजे ती नखाएवढी चकती, आणि ती हीटसिंकखालीं दडलेली असते.

पंखा वरून स्वच्छ दिसत होता. नातीनें तो हीटसिंकवरून अलग केला, आणि आम्ही पाहतच राहिलों. पंखा आणि अल्युमिनियमचीं पातीं यांच्यामध्यें करड्या रंगाची एक घोंगडी तयार झाली होती. धूळ, कापसाचे तंतु, केंस, आणि त्यांस एकत्र धरून ठेवणारा तेलकट चिकटा. पंखा मिनिटास दोन हजार फेरे घेत होता तें खरें; पण तो वारा घोंगडीवर आपटून परत येत होता, पात्यांत शिरतच नव्हता. आम्हीं चिकटा बोटावर घेऊन नाकाशीं नेला. मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास! संगणकाचें कपाट देवघराच्या शेजारीं आहे. रोजची उदबत्ती, सणावारीं धूप, दोन वेळांचीं निरांजनें, आणि समोरच्या स्वयंपाकघरांतून फोडणीचा धूर. जें जें आम्हीं दाराच्या आड ठेवूं म्हटलें, तें मागच्या भोंकांतून ओढून घेऊन पंख्यानें तीन वर्षें पात्यांवर सांठविलें होतें. अमरकोशांत अग्नीच्या नांवांत वायुसख असें एक नांव आहे. चुलीपुढें फुंकणी घेऊन बसणारास त्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. संगणकाच्या पेटींत मात्र वायूनें अग्नीचें वैर करावें अशी अपेक्षा असते. आमच्या घरीं आम्हींच त्याची वाट अडविली होती.

साफसफाईस अर्धा तास लागला. रंगाचा नवा, मऊ, कोरडा कुंचला आणि रबरी फुग्याची हवा मारण्याची पिचकारी एवढें पुरतें. ओलें फडकें लावूं नये. हवा मारतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, नाहींतर तो भलत्या वेगानें फिरून त्याचा कणा बिघडतो. घोंगडी मात्र चिमट्यानें सोलून काढावी लागली.

हीटसिंक उचलला तेव्हां चकतीवरची पांढरी थर्मल पेस्ट जुन्या चुन्यासारखी वाळून भेगाळलेली दिसली. ही पेस्ट काय करते, हें समजण्यासारखें आहे. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत असले तरी त्यांत बारीक खांचा राहतात, खांचांत हवा राहते, आणि हवा ही उष्णतेची वाहक म्हणून अगदीं निकामी. म्हणून तर रजईंत ऊब टिकते. पेस्ट त्या खांचा भरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसून, चिरंजीवांनीं आणलेल्या नळींतून नवी घालावयाची होती. आम्हीं उदार हातानें घालूं लागतांच नात म्हणाली, "आजोबा, वाटाण्याएवढीच." तिचेंच बरोबर होतें. ती धातूपेक्षां मंद वाहक आहे. तिचा जाड थर झाला तर तोच अडथळा होतो. कपाळास गंध लावतों तितकी पातळ असावी, लिंपण नसावें.

मग हीटसिंक परत बसविण्याचा मान आम्हीं घेतला. त्यास चार कोपऱ्यांत प्लास्टिकचे चार पाय असतात. ते बोर्डाच्या भोंकांत खटकन् बसेपर्यंत दाबावे लागतात. आम्हीं एका बाजूचे दोन दाबले, मग दुसऱ्या बाजूचे दोन दाबले, आणि विजयी मुद्रेनें यंत्र सुरू केलें. तापमान एका मिनिटाच्या आंत नव्वदीपार! नातीनें झडप घालून तें बंद केलें. पाहतों तों चौथा पाय भोंकांत शिरलाच नव्हता, ठोकळा एका अंगास कलून चकतीस जेमतेम टेंकला होता. पुनः सारें पुसून, पुनः पेस्ट लावून, या खेपेस तिनेंच बसविलें, एक पाय झाला कीं त्याच्या तिरकस समोरचा, म्हणजे दाब चोहोंकडे सारखा पडतो. बोर्ड उलटा करून चारहि पायांचीं टोकें पलीकडे आलीं कीं नाहींत, हेंहि तिनें पाहिलें. आम्ही टॉर्च धरून उभे होतों.

यंत्र लावलें. ४१ अंश. दुपारीं तीन वाजतां, दादांचें काम चालूं असतां, ५४.

पंख्याची सकाळची घरघर मात्र गेली नाहीं. कण्यांतलें वंगण वाळलें होतें. शिवणयंत्राचें तेल एक थेंब घातलें, त्यानें आठवडाभर बरें वाटलें, मग पुनः तेंच. असला पंखा कोणत्या दुपारीं थांबेल याचा भरंवसा नाहीं, म्हणून जुना नमुना पिशवींत घालून आम्ही आणि नात लॅमिंग्टन रस्त्यावर गेलों. ग्रँट रोडजवळचा हा रस्ता १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नांवाचा. आतां त्याचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकाचे भाग घेणारे अजून जुन्याच नांवानें विचारतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "तीन पिनांचा कीं चार?" आमच्या पंख्यास चार तारा होत्या: काळी आणि पिंवळी विजेच्या, हिरवी फेऱ्यांची संख्या कळविणारी, निळी वेग कमीजास्त करणारी. चारांच्या जागीं तीनचा घेतला तर पंखा फिरतो, परंतु निळ्या तारेचा कारभार बुडतो. दुसरें असें कीं, बोर्डावर पंख्यांच्या दोन-तीन खोबण्या असतात. प्रोसेसरचा पंखा त्याच्याच खोबणींत लावावा, नाहींतर यंत्र सुरू होतांना पंखा नाहीं अशी तक्रार पडद्यावर येऊन उभी राहते. हीटसिंकसह नवा पंखा चारशें साठ रुपयांस मिळाला. ज्याच्यासाठीं नवा संगणक घ्या म्हणून सांगण्यांत आलें होतें, त्याचें औषध हें एवढेंच.

परत येतांना गाडींत नातीनें आम्हांस खाडीपलीकडची एक गोष्ट सांगितली. मुलुंडाहून ऐरोलीस जो पूल जातो, त्याच्या पलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यांत डेटा सेंटरांच्या मोठमोठ्या इमारती आहेत. एकेका इमारतींत हजारों संगणक रात्रंदिवस चालतात, आणि संगणकांच्या विजेखालोखाल मोठा खर्च त्यांस थंड ठेवण्याचा असतो. तेथें थंड हवेची वाट आणि ऊन हवेची वाट निरनिराळी राखतात, दोन्ही मिसळूं देत नाहींत. "आपल्या कपाटांत त्या दोन्ही एकच होत्या," ती म्हणाली. आम्ही खिडकीबाहेर पाहूं लागलों.

आतां व्यवस्था अशी आहे. कपाटाचें दार काढलें, पाठ कापून टाकली, भिंतीपासून वीतभर अंतर ठेविलें. पुढून हवा आंत, मागून बाहेर. मध्यें कांहीं ठेवावयाचें नाहीं. उदबत्ती खिडकीशीं लावतों. कपाटाच्या आंतल्या अंगास नातीनें एक कागद चिकटविला आहे. त्यावर सफाईच्या तारखा आहेत, एक पावसाळ्याआधींची, एक दिवाळीनंतरची, आणि समोर करणाराचें नांव. दोन्हीकडे तिनें 'आजोबा' असें लिहिलें आहे.

हरवलेल्या आठवड्यांतलीं चार पानें तिला जुन्या एका प्रतींत सांपडलीं. उरलेलीं दादांनीं पुनः लिहून काढलीं, आणि त्यांचें म्हणणें असें कीं, दुसऱ्या वेळीं वाचतांना वडिलांच्या दोन टिपा त्यांस नीट लागल्या. सध्यां आठवी वही चालूं आहे. काम संपलें कीं रोज एक प्रत निराळी काढून ठेवावयाची, हें नातीनें त्यांस शिकविलें आहे. कपाटाचें दार वहिनींनीं मागून घेतलें. गच्चीवर त्यावर सांडगे वाळत आहेत.